रेती-मुरमाची खदान आणि आपला हिशेब

(रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा येथें शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



आज मी तुमच्यापुढें रेती-मुरमाविषयीं बोलणार आहें. विषय ऐकून मागें बसलेल्या मंडळींतून एकजण हंसला व म्हणाला, "गुरुजी, रेतीत काय शिकाचं हाय बाप्पा? उचलाची अन् टाकाची." त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे. उचलणारे आपणच आणि टाकणारेही आपणच. घमेलें आपल्या डोक्यावर, फावडें आपल्या हातांत, ट्रॅक्टरवर आपलाच पोरगा, आणि शेवटीं खड्डा उरतो तोही आपल्याच शिवारांत. हिशेबाची वही तेवढी दुसऱ्याच्या काखेंत असते. ती वही आज उघडून पाहूं, इतकाच माझा हेतु. मी मराठी शाळेचा मास्तर. इंजिनियर नव्हें कीं वकील नव्हें. पण त्रैराशिक मला येतें आणि सरकारी कागद वाचतां येतो. तेवढ्यावर आज भागेल.

पहिल्यानें, रेती येते कोठून? आपल्या तालुक्याची पश्चिमेची शीव म्हणजे वर्धा नदी. ती सातपुड्यांत, बैतुल जिल्ह्यांतील मुलताईजवळ उगम पावते; खालीं चंद्रपुराकडे तिला पैनगंगा मिळते, पुढें वैनगंगेशीं मिळून तिची प्राणहिता होते, आणि ती प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत जाते. या वाटेवर डोंगराचा दगड ऊन-पावसानें फुटतो. त्याचा मुरूम होतो, मुरमाची खडी होते, खडी पाण्याबरोबर घासत घासत गोल होते. बारीक गाळ पूर पुढें नेतो, जड कण मागें टाकतो. मागें टाकलेलें तें रेती. कुंभारदादा माती चाळतो ना, तशी ही नदीची चाळणी आहे. ती दर पावसाळ्यांत चालते. म्हणून पूर्वींचे लोक म्हणत, रेतीला काय तोटा, आज नेली तर पुढल्या पुरांत येईल.

तेव्हां तें खरें होतें. आतां पुराच्या वाटेवर धरणें आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा, आणि आपल्याच आर्वी तालुक्यांत धनोडीजवळ निम्न वर्धा, एकतीस दरवाज्यांचें. धरणानें ओलीत दिलें, तें मी नाकारीत नाहीं. पण धरणांत पाणी थांबतें तशी रेतीही थांबते. दरवाज्यांतून सुटणारें पाणी बहुतेक रिकाम्या हातानें येतें. मधल्या नाल्या-ओढ्यांनीं आणली तेवढीच खालच्या पात्राला मिळते. उत्पन्न घटलें आणि उचल मात्र वाढली, अशा घराचें काय होतें हें तुम्हांला मीं सांगायला नको.

आतां घाट चालतो कसा तें पाहूं. नदींतल्या रेतीच्या खदानीला आपल्याकडे घाटच म्हणतात. रेती, गिट्टी, मुरूम, साधी माती हीं सारीं कायद्याच्या भाषेंत 'गौण खनिजें' होत. १९५७ च्या केंद्रीय कायद्यानें त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. नांव गौण असलें तरी त्यांतला पैसा गौण समजूं नका. पूर्वीं पांच हेक्टरांच्या आंतल्या घाटाला पर्यावरणाची परवानगी लागत नसे. मग मोठ्या घाटाचे तुकडे पाडावयाचे आणि एकेक तुकडा पांचाच्या आंत दाखवावयाचा, अशी युक्ति निघाली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हरियाणाच्या एका खटल्यांत ती वाट बंद केली. तेव्हांपासून लहान घाटालाही परवानगी लागते.

रीत अशी, कीं ग्रामसभेपुढें विषय यावा, पात्राची मोजणी व्हावी, परवानगी व्हावी, मग लिलाव. लिलाव घेणाऱ्यानें हद्दीवर खुणा रोवाव्या. काम सकाळीं सहा ते सायंकाळीं सहा. पावसाळ्यांत काम बंद. खोली किती? केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणें तीन मीटर, म्हणजे सुमारें दहा फूट, किंवा पाणी लागेपर्यंत, या दोहोंत जें कमी असेल तेवढी. पुलाजवळ खणावयाचें नाहीं, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ खणावयाचें नाहीं. प्रत्येक गाडीबरोबर 'महाखनिज'चा वाहतूक पास हवा. हें सगळें छान लिहिलेलें आहे. मीं वाचलें तेव्हां वाटलें, हें लिहिणाऱ्याला नदीची माया आहे.

पण नियमांतली वेळ सहा ते सहा असली तरी ट्रॅक्टरांचा आवाज आपल्याला कोणत्या वेळीं ऐकूं येतो? माझ्या वर्गांत सकाळीं बाकावर मान टाकून झोपणारीं मुलें कोणतीं, हें मी हजेरीपट न उघडतां सांगूं शकतों. एकाला विचारलें तर म्हणाला, "रातभर फाट्यावर बसलो होतो गुरुजी. साह्यबाची गाडी दिसली का फोन लावा लागते." पंधरा वर्षांचा पोरगा! त्याला एका रात्रीचे पैसे मिळतात. पकडला गेला तर नांव त्याचें लागतें. ज्याच्यासाठीं तो जागतो, तो माणूस आपल्या घरीं झोपलेला असतो.

सरकारनें धोरणेंही बदलून पाहिलीं. २०२३ सालीं सरकारी डेपोंतून ६०० रुपये ब्रासनें रेती देण्याचें ठरलें. ८ एप्रिल २०२५ रोजीं मंत्रिमंडळानें तें धोरण मागें घेऊन पुन्हा लिलाव आणला. त्या नव्या धोरणांतली एक गोष्ट मात्र गांठीं बांधून ठेवा. घरकुल मंजूर झालेल्याला पांच ब्रासपर्यंत रेती विनामूल्य द्यावयाची आहे. ज्याच्या घराच्या भिंती रेतीवांचून अडल्या आहेत त्यानें उद्यां पंचायतींत जाऊन लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. तोंडी मागूं नये. तोंडी मागणें वाऱ्यावर जातें.

आतां ब्रास म्हणजे काय? शंभर घनफूट. मीटरच्या हिशेबानें पावणेतीन घनमीटरांहून किंचित् जास्त, २.८३. कोरड्या रेतीचें वजन ब्रासला साडेचार टनांच्या आंतबाहेर भरतें. हा ब्रास मोजतां न आल्यामुळें मी स्वतः कसा ठकलों तें सांगतों. घराच्या एका खोलीसाठीं मीं एक ट्रॉली रेती घेतली. गाडीवाला म्हणाला, भरपूर एक ब्रास आहे गुरुजी. मीं पैसे दिले. मागाहून मुलांना क्षेत्रफळ शिकवितांना सुचलें, म्हणून ट्रॉली आंतून मोजली. लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट, रेतीची उंची दीड फूट. दहा सक साठ, साठ दीडे नव्वद. दहा घनफूट तेथेंच गेले.

एवढ्यावर संपत नाहीं. रेती ओलसर होती, आणि ओलसर रेती फुगते. हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं, म्हणून घरीं करून पाहा. सरळ कांठाचा डबा घ्या. त्यांत ओलसर रेती न दाबतां भरा, उंचीची खूण करा व रेती काढून ठेवा. मग डब्यांत अर्धें पाणी घ्या व तीच रेती त्यांत हळूहळू सोडा. रेती खुणेच्या खालीं बसेल. कारण असें कीं थोडें पाणी कणाकणाला चिकटून त्यांना एकमेकांपासून दूर धरतें. पूर्ण बुडाली कीं तें धरणें सुटतें. शंभरांत पांच भाग पाणी असलें तरी रेती वीस ते तीस टक्के फुगूं शकते. माझी रेती चौथाईनें फुगलेली होती, म्हणजे चाराचे पांच झालेले. तेव्हां नव्वदाची खरी रेती बहात्तर घनफूट. शंभराचे पैसे देऊन बहात्तर घरीं आणले, आणि मी गणित शिकवितों!

दुसरी परीक्षा मातीची. कांचेचा सरळ पेला अर्धा रेतीनें भरा, वर पाणी व चिमूटभर मीठ घाला, हलवा व तीन तास ठेवा. रेती खालीं बसते, गाळाचा थर वर दिसतो. तो थर रेतीच्या शंभर भागांत आठांहून जास्त असला तर ती रेती धुतल्यावांचून गिलाव्याला घेऊं नका. गवंडीभाऊ बोटांत चोळून हें ओळखतात, पण मालकाला पटविण्यास पेला बरा.

आतां रेतीच्या दुसऱ्या हिशेबाकडे येतों. हा हिशेब कोणत्याच पावतीवर नसतो.

एक हेक्टर पात्र घ्या, म्हणजे अडीच एकर. तेथें तीन मीटर रेती आहे असें धरा. ती तीस हजार घनमीटर झाली, म्हणजे सुमारें दहा हजार सहाशें ब्रास. ब्रासला ६०० रुपये धरले तर साडेत्रेसष्ट लाखांहून थोडे अधिक. आंकडा मोठा दिसतो. पण रेतीच्या कणांमधें जी मोकळी जागा असते ती साधारण तिसरा हिस्सा असते. तेवढ्या रेतींत भरलेलें पाणी दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. त्यांतलें कांहीं कणांना चिकटून राहातें, सर्वच हातीं येत नाहीं. तरी बाकीचें हळूहळू झिरपून कांठच्या विहिरींना मिळतें. पावसाळा संपल्यावर फाल्गुन-चैत्रांत विहिरीला जें पाणी दिसतें त्यांत या झिरप्याचा वांटा आहे. रेती एकदां विकली कीं पैसा एकदां येतो. पाणी दरवर्षीं येत होतें.

येथें एक शंका रास्त आहे. परवां एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मला ती विचारली. "गुरुजी, खड्डा झाला त उलट जास्त पानी साचन. तुमी उलटंच सांगता." त्यांचें म्हणणें मीं दोन दिवस मनांत घोळविलें. खड्ड्यांत पाणी जास्त मावतें, यांत खोटें कांहीं नाहीं. पण तें उघडें पाणी उन्हानें उडून जातें. रेतीखालचें पाणी झांकलेल्या रांजणासारखें टिकतें. शिवाय खड्ड्याच्या तळाला पुराचा चिकट गाळ बसतो आणि जमीन पाणी पीत नाहींशी होते. आणि मुख्य गोष्ट ही कीं नदीचा तळ विहिरीतल्या पाण्यापेक्षां खोल गेला, तर पाणी नदीकडून विहिरीकडे यावयाचें तें विहिरीकडून नदीकडे वाहूं लागतें. पाण्याला आपला सातबारा ठाऊक नाहीं. त्याला उतार तेवढा कळतो.

खड्डा जागच्या जागीं राहातो असेंही नव्हे. पूर आला कीं वरच्या बाजूची कड ढांसळते, ती ढांसळली कीं तिच्या वरची. असा खड्डा प्रवाहाच्या उलट दिशेनें सरकत जातो आणि वाटेंत पुलाचा पाया लागला तर तो उघडा पाडतो. म्हणूनच पुलापासून लांब राहाण्याचा नियम आहे, कोणाला छळण्यासाठीं नव्हे.

ज्यांना याचा पहिला फटका बसतो ते भोई-ढीवर बांधव. नदी आटल्यावर रेतींत त्यांच्या डांगरवाड्या लागत. टरबूज, डांगर, काकडी. रेतींत हातभर खड्डा करून, खत घालून वेल लावावयाचे आणि उन्हाळ्याचे चार महिने त्यावर काढावयाचे. जमिनीचा तुकडा नांवावर नसलेल्या घरांची ती शेती होती. रेती गेली तेथें दगड उघडे पडले. दगडावर वेल कसा चढेल? लिलावाच्या कागदांत घाटाची लांबी-रुंदी आणि ब्रासांची संख्या लिहिलेली असते, डांगरवाडीचा रकाना मात्र मला कोठें आढळला नाहीं.

आतां मुरमाच्या खदानीकडे येतों. रस्ता आला कीं मुरूम आला. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यांतून विरुळजवळून गेला, त्याच्या भरावाला किती मुरूम लागतो हें तुम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. मुरूम बहुधा बरड जमिनींत सांपडतो. वर हात-दीड हात माती, खालीं मुरूम, त्याखालीं काळा दगड. नीट काम करणारा आधीं वरची माती बाजूला काढून ढीग लावतो, म्हणजे शेवटीं ती परत पसरतां येईल. मग पायऱ्या पाडीत खालीं जातो. १९६१ च्या खाण-नियमांनीं याची रीत घालून दिली होती. मुरूम, माती, खडी असल्या भुसभुशीत जागीं एक पायरी दीड मीटरहून उंच नसावी आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षां कमी नसावी. किंवा बाजूला पंचेचाळीस अंशांहून उभी नसेल अशी उतरण द्यावी. आणि खालून पोखरूं नये.

हें शेवटचें वाक्य मला पाठ आहे, त्याचें कारण सांगतों. माझ्या हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा अशाच एका खदानीवर कामाला होता. गांवाचें व मालकाचें नांव सांगत नाहीं. तेथें पायऱ्या नव्हत्या. दोन पुरुष उंचीची उभी दरड, आणि खालून पोखरलें कीं वरचें आपोआप पडतें, मेहनत वांचते, अशी पद्धत. अवकाळी पाऊस येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशीं दरड पडली ती त्याच्या कंबरेपर्यंत. सोबत्यांनीं हातांनीं उकरून काढला. जीव वांचला, एक पाय गेला. दवाखान्यांत तो गुंगींत असतां त्याच्या आईच्या हातावर कांहीं नोटा ठेवल्या आणि एका कागदावर त्याचा अंगठा उमटवून घेतला. अंगठा! सही त्याला मींच शिकविली होती. 'र'ची शेपटी तो फार लांब काढी, म्हणून मीं रागावत असें. तो कागद पाहिला तेव्हां तीच शेपटी मला आठवली.

कामावर असतां इजा झाली तर मालकानें भरपाई द्यावी, हें आपल्या देशांत १९२३ पासून कायद्यानें ठरलेलें आहे. हक्क सोडून दिल्याचा करार त्या कायद्यानें मानलेला नव्हता. हें त्या आईला ठाऊक असतें तर? मलाही तेव्हां तें ठाऊक नव्हतें, ही कबुली आज तुमच्यासमोर देतों. म्हणून कामाला जाणाऱ्यानें हजेरीचा कांहीं तरी पुरावा ठेवावा. पैसे खात्यांत घ्यावे, निदान वहींत तारीख मांडावी. अठरा वर्षांखालच्या पोराला खाणींत कामाला लावणें हा गुन्हा आहे. गिट्टी क्रशरवरच्या लोकांसाठीं एक गोष्ट आणखी. दगडाची बारीक धूळ छातींत बसते ती निघत नाहीं. पाण्याचा फवारा चालू ठेवा असें मालकाला सांगा, आणि तोंडाला रुमाल पुरेसा होत नाहीं हें ध्यानांत ठेवा.

शेतकरी बांधवांस वेगळें सांगतों. तुमच्या बरड शेताला गिऱ्हाईक येतें व म्हणतें, पाटील, नाहींतरी येथें कांहीं पिकत नाहीं. मुरूम देऊन टाका, शेत सपाट करून देतों. परवानगी निघते, समजा, दोनशें ब्रासांची. खणले जातात नऊशें. वरचे सातशें कोणाच्या नांवावर? १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणें विनापरवाना खणलेल्या मालाच्या बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो. मुरमाचा भाव ब्रासला पांचशें धरा. सातशें पंचे साडेतीन लाख. त्याची पांचपट साडेसतरा लाख. गाड्या केव्हांच निघून गेलेल्या असतात, आणि नोटीस सातबाऱ्यावरचें नांव पाहून येते. ती रक्कम न भरली तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, मग सोसायटीचें कर्जही अडतें. तेव्हां द्यावयाचाच असेल तर परवानगीची नक्कल हातीं घ्या, काम सुरू होण्यापूर्वीं व संपल्यावर मोजणी करून घ्या, खोली लिहून घ्या, वरची माती परत पसरण्याची अट लिहून घ्या. कुंभाराची चाकावरची माती, शेतकऱ्याचा स्वतःच्या विहिरी-बांधापुरता दगड-मुरूम यांना नियमांत सवलती आहेत. त्या किती व कशा, हें तलाठ्याला, ज्याला आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी विचारा.

जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत. दगड-चुन्याचा व्यवहार त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत त्यांनीं सरकारपुढें मागणी ठेवली कीं नदी-नाल्यांत व तलावांत साचलेला गाळ पूर्वींप्रमाणें शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा. तो गाळ म्हणजे आपल्याच शेतांची वाहून गेलेली माती, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें एकशें चौतीस वर्षांनीं, २०१७ सालीं, महाराष्ट्र सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. उशीर झाला, पण आली. तिचा लाभ घ्या. फक्त गाळाच्या नांवाखालीं रेती उचलणाऱ्याला आपल्या गाडींत बसवूं नका. त्या योजनेंत रेतीला मनाई आहे.

कोणी म्हणेल, मग घरें बांधावयाचीं नाहींत काय? बांधावयाचीं. मीही बांधलें. रेती उचलूं नये असें मी म्हणत नाहीं. नदी जितकी आणते तितकी उचलावी, आणि ती किती आणते हें मोजून ठरवावें. दगड फोडून केलेली रेतीही आतां मिळते. तिच्यासाठीं सरकारनें २०२५ सालीं वेगळें धोरण केलें आहे. ती कोनेदार असते, पाणी थोडें जास्त मागते, गवंड्याच्या हाताला प्रथम जड जाते. पण काँक्रीटला ती चालते. पण तिच्यासाठीं टेकडी फोडावी लागते, हें विसरून चालणार नाहीं.

आतां मोजण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. घाटाचा विषय ग्रामसभेंत आला म्हणजे आपण हात वर करतों किंवा खालीं ठेवतों, आंकडा मात्र आपल्याजवळ एकही नसतो. तो आपण आतां करूं. सातव्या वर्गाच्या मुलांनीं एक वही आंखली आहे. त्यांत गांवच्या विहिरींचीं नांवें, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं कांठापासून पाणी किती हात खोल, त्याचा रकाना. दुसऱ्या वहींत नदीच्या पात्रांत ठरलेल्या पांच जागीं रेती किती खोल आहे तें, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर. पहिली मोजणी या रविवारीं सकाळीं सात वाजतां. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनीं मुलांना अडवूं नये, आणि कोणी मोठें माणूस बरोबर राहील तर बरें. एकट्या मुलांना मी विहिरीवर पाठविणार नाहीं. दोरी मी आणतों. खुणा केलेला लांब बांबू लागेल, तो कोणाकडे असेल त्यानें आतांच सांगावें.